आधी मोजा, मग बोला



दीक्षान्त समारंभाचा मान आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत विद्यापीठांनाच होता. आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. पण आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर दीक्षान्त समारंभ होऊ लागले ते १७ सप्टेंबर २०२२ पासून, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी. म्हणजे सत्तर वर्षे पोरे पाना-पक्कड शिकून मुकाट्याने कामाला लागत होती. हा मान उशिरा मिळाला आहे, तेव्हा त्याचे ओझेही नीट समजून घेऊ. आज राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या तुमच्यातले काही वाळूज-चाकणच्या कारखान्यांत जातील, त्यांना शुभेच्छा. पण मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन झालेले काही जण इथेच राहतील. मोटारसायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधून, फोन आला की बांधावर, महामार्गाच्या कडेला, कारखान्याच्या रांगेत जाऊन गाड्या चालू करून देतील. आज माझे बोलणे मुख्यतः त्यांच्याशी आहे आणि सांगायचे आहे ते एकच. फिरत्या मेकॅनिककडून गावाला सगळ्यात जास्त हवे असते ते खरे निदान. त्या निदानावर लोकांचा विश्वास बसतो तो मेकॅनिकचा स्वभाव गोड आहे म्हणून नव्हे. तो कामाच्या पद्धतीतून मुद्दाम उभा करावा लागतो.

या कामासाठी आपले वडीगोद्री गाव किती मोक्याची जागा आहे, ते नकाशा पाहिला की कळते. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग, ज्याला लोक अजून २११ म्हणतात आणि ज्याचा आताचा क्रमांक ५२ आहे, पाचोडकडून येतो आणि शहागडजवळ गोदावरी ओलांडून गेवराई-बीडकडे निघून जातो. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता त्याला इथेच मिळतो. जायकवाडीचा डावा कालवा, २०८ किलोमीटर लांबीचा, पैठणहून निघून याच अंबड तालुक्यातून परभणीकडे जातो. कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर ऊस आणि मोसंबी, उरलेल्या रानात कापूस, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना. अशा मुलखात ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकल ही चैनीची साधने राहिलेली नाहीत, ती शेतीच्या वेळापत्रकाचा भाग झाली आहेत. पेरणीला वाफसा असतो तो दोन-चार दिवसांचा. त्यात ट्रॅक्टरने सेल्फ घेतला नाही तर नुकसान बॅटरीच्या किमतीचे होत नाही, हंगामाचे होते. तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळत पडला तर वजनही घटते आणि उताराही. मोसंबीच्या फवारणीची वेळ टळली तर कीड थांबत नाही. बंद गाडीचा हा सगळा खर्च दुरुस्तीच्या बिलात कुठेच दिसत नाही, पण शेतकरी तो मोजत असतो. म्हणूनच गॅरेजपर्यंत गाडी ओढत नेण्यापेक्षा गाडीपर्यंत येणारा माणूस त्याला मोलाचा वाटतो.

आता या व्यवहारातली अवघड बाजू पाहू. १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला मालाची जेवढी माहिती असते तेवढी घेणाऱ्याला नसेल, तर चांगला मालच हळूहळू बाजारातून हटतो. या कामासाठी पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांचे म्हणणे असे की, काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरही गिऱ्हाइकाला कळत नाही, आपल्याला खरोखर तेवढीच गरज होती का. दुरुस्ती हे त्याचे ठळक उदाहरण. बॅटरी बदलली आणि ट्रॅक्टर चालू झाला, तर शेतकरी म्हणणार बॅटरीच गेली होती. पण टर्मिनलवरची बुरशी घासूनही तो चालू झाला असता का, हे त्याला कधीच कळणार नाही. गाडी चालू झाली एवढ्यावरून निदान खरे ठरत नाही. याचा अर्थ असा की फसवणूक आणि प्रामाणिकपणा या दोन्हींचा शेवट बाहेरून एकसारखाच दिसतो. तुमच्या धंद्याची सगळी नैतिक अडचण इथे आहे.

या अडचणीवर उपाय उपदेशात नाही, तुमच्या पेटीतल्या मल्टिमीटरमध्ये आहे. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा सेल. पूर्ण चार्ज झालेली आणि काही वेळ विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना डायनॅमो नीट काम करत असेल तर आकडा पावणेचौदा ते साडेचौदाच्या आसपास जातो. सेल्फ मारताना तो खाली येणारच, पण साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. आणि बॅटरीवर आकडा चांगला असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या बॉडीला लावून सेल्फ मारायचा. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. वायर सोडायची, घासायची, घट्ट आवळायची. अर्थिंग ठीक निघाली तर मग सोलेनॉइड, कार्बन, आर्मेचर. हा क्रम तुम्हाला वर्गात शिकवला आहे. त्यातले चार आकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर घेतले की मघाची अडचण बरीचशी सुटते, कारण तुमच्याजवळची माहिती आता दोघांची झाली. त्याला आर्मेचर म्हणजे काय हे माहीत नसेल, १२.६ आणि ९ यांतला फरक मात्र कुणालाही समजतो. शेत सांभाळणारी बाई असेल तर तिलाही तोच मीटर दाखवायचा. ‘घरात माणूस कोण आहे?’ असे विचारत बसायचे नाही.

गावाला विश्वासाचा कारागीर नवा नाही, असे कुणी म्हणेल. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात लोहार-सुतारांच्या बलुत्याचे सविस्तर वर्णन आहे. वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, ही ती रीत. त्या नात्यात टिकाऊपणा होता, कारण दोघांनाही त्याच गावात राहायचे होते. पण तो टिकाऊपणा सक्तीचा होता. कारागिराला जात सोडता येत नव्हती आणि शेतकऱ्याला कारागीर बदलता येत नव्हता. आज मेकॅनिक कुणाच्याही घरात जन्मू शकतो आणि गिऱ्हाईक कुणालाही फोन करू शकते. म्हणून आजचा विश्वास जुन्या गावगाड्यापेक्षा कच्चा आहे, पण जास्त स्वच्छही आहे; तो रोज कमवावा लागतो. त्यात फिरत्या मेकॅनिकला एक फायदा असतो, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. गॅरेजमधले काम मालकाच्या पाठीमागे होते, बांधावरचे काम मालक शेजारी उभा राहून पाहतो. खोललेला भाग त्याच्या हातात देता येतो. उंदराने कुरतडलेले वायरिंग दाखवता येते.

माझ्या या सांगण्यावर पहिला आक्षेप ज्यांना नव्या गाड्या माहीत आहेत ते घेतील. आता सगळे इलेक्ट्रॉनिक झाले, पेटीवाल्या मेकॅनिकचे दिवस संपले, गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी. यात तथ्य आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांनाही नवे उत्सर्जन नियम लागले. स्कॅनरशिवाय अंदाजाने सेन्सर बदलणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचे पैसे जाळतो. पण हा आक्षेप पूर्ण खरा नाही. गावातले बहुतेक ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आतले आहेत; त्यांचा डिझेल पंप, नोझल, सेल्फ, डायनॅमो तुमच्या हातातलेच आहे. नव्या गाडीतही सेन्सरचा दोष वाटणाऱ्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा सैल कनेक्टर, गंजलेली पिन किंवा कमी व्होल्टेज निघते, आणि ते मीटरनेच सापडते. शिवाय स्वतंत्र मेकॅनिक मागे राहिला तो केवळ त्याच्या अडाणीपणामुळे नाही. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण दरवाजा कुणी बंद ठेवला होता हे त्या आदेशाने नोंदवून ठेवले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा विचाराच्या क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही होती. तेव्हा तीन-चार जणांनी मिळून एक स्कॅनर घ्या, तो वापरायला शिका, आणि जे आपल्याच्याने होणार नाही ते स्पष्ट सांगून सर्व्हिस सेंटरला पाठवा. ‘हे माझे काम नाही’ हेसुद्धा खरे निदानच असते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. बॅटरी विकली तर चार पैसे सुटतात. टर्मिनल घासून दिले तर शेतकरी चहा पाजतो आणि ‘एवढ्याशा कामाचे काय पैसे?’ म्हणतो. वर उधारी, तीही ‘उसाचे बिल आल्यावर’. कायद्याने ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायला हवेत, पण बिल लांबले की त्याची झळ मेकॅनिकच्या वहीपर्यंत पोचते. सरकारच्या यादीतही हा माणूस सापडत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, कुलूप बनवणारे असे १८ व्यवसाय आहेत, त्यांना अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि स्वस्त कर्ज आहे. मोटर मेकॅनिक त्या अठरांत नाही. मग प्रामाणिक राहून जगायचे कसे? माझे उत्तर असे आहे की, प्रामाणिकपणा तोट्यात जातो तो दर चुकीच्या गोष्टीला लावल्यामुळे. सगळी कमाई सुट्या भागांच्या नफ्यात ठेवली की मेकॅनिकचे पोट आणि गिऱ्हाइकाचे हित समोरासमोर उभे राहतात. म्हणून येण्याचे आणि तपासणीचे पैसे वेगळे घ्या, फोनवरच सांगून टाका, मग दोष अर्ध्या मिनिटात सापडो की अर्ध्या दिवसात. सुटा भाग बिलाच्या भावाने द्या. निदानाचे पैसे मिळू लागले की खोटे निदान करायचे कारणच उरत नाही. तैत्तिरीय उपनिषदात शिकून निघालेल्या शिष्याला गुरू पहिल्यांदा खरे बोलायला सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच उपदेशात पुढे स्वतःच्या भरभराटीकडे दुर्लक्ष करू नकोस असेही तो सांगतो. या दोन सूचना एकाच दमात दिल्या आहेत, त्या एकत्रच पाळायच्या असतात.

तिसरा आक्षेप गिऱ्हाईक स्वतःच घेते. ‘फ्यूज सारखा उडतो, त्यात तार घाल आणि जाऊ दे.’ गिऱ्हाइकाचे ऐकणे म्हणजेच विश्वास, असे मानले तर तार घालावी लागेल. पण फ्यूज उडतो तो कुठेतरी वायर घासून बॉडीला लागली म्हणून. जाड तार घातली की उडायचे थांबते, मात्र मग वायरिंगच तापते, आवरण वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते. ट्रॉलीच्या दिव्यांचेही तसेच. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री महामार्गावर असतात. मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर नसेल तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात उसाची भिंत दिसत नाही. ट्रॅक्टरमालकाला त्या दिव्याची निकड वाटत नाही, कारण गाडी त्याच्यावाचूनही चालते. ज्याला निकड आहे तो तुमचे गिऱ्हाईक नाही, तुम्हाला ओळखतही नाही. म्हणून सेल्फच्या कामाला गेलात तरी ट्रॉलीचा सॉकेट आणि मागचे दिवे तपासा, बंद असतील तर वहीत लिहा आणि मालकाला दाखवा. विश्वासू मेकॅनिकवर फोन करणाऱ्याचा तर भरवसा असतोच. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांचाही असायला हवा. एखादे गिऱ्हाईक यापायी जाईल. जाऊ द्या. तार घालून घेणारे गिऱ्हाईक गाडी पेटली की तुमचेच नाव सांगते.

शेवटी वहीबद्दल एक सूचना. प्रत्येक गाडीचे एक पान ठेवा: तारीख, तक्रार, मीटरचे आकडे, बदललेला भाग, घेतलेले पैसे. दोन वर्षांत ती वही कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलेल आणि तुमच्या चुकाही तुम्हाला दाखवील. पालकांना आणि गावकऱ्यांना एवढेच सांगणे की, ‘एवढ्याशा कामाचे काय पैसे?’ हे वाक्य आता सोडून द्या. त्या एवढ्याशा कामामागे एक-दोन वर्षांचे शिक्षण आहे, आणि ते फुकट मागितले की उद्या आपल्यालाच नको असलेली बॅटरी विकत घ्यावी लागते. विद्यार्थ्यांनो, तुमचे मनापासून अभिनंदन. उद्या पहिला फोन येईल तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला मीटरवरचा आकडा दाखवा, आणि तो दाखवण्याचे पैसे न लाजता मागा.