आठ ग्लासांचा हिशेब



मी नरडाण्याचा. धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की मुंबई-आग्रा महामार्गावर आमचं गाव लागतं. सुरत-भुसावळ मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, अलीकडे औद्योगिक वसाहतही झाली. इथे मी बरीच वर्षं दवाखाना चालवतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला, की दवाखान्यात आलेला माणूस औषधाची चिठ्ठी खिशात घालता घालता एक प्रश्न विचारतोच, "डाक्टर, पानी कितलं पेवानं?"

माझं उत्तर ठरलेलं असे. "दिवसाला चार लिटर. मोजून." निंदणीला जाणारी बाई असो, गल्ल्यावर बसणारा दुकानदार असो, नाही तर काठी टेकत आलेले आबा असोत, सगळ्यांना एकच माप. पाण्यानं कुणाचं वाईट झालंय, असं मला वाटे. ते वाईट माझ्याच घरात झालं, म्हणून आज हा विषय बोलायला घेतला.

माझा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत. मधलं दार उघडंच असायचं. आत बसलेली माझी आई दिवसभर माझं बोलणं ऐकायची. तिचं वय तेव्हा बाहत्तर. ब्लडप्रेशरसाठी तिला रोज एक गोळी होती, लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणारी. जेवणातलं मीठही मीच कमी करायला लावलं होतं. एका उन्हाळ्यात तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक-एक लिटरच्या चार बाटल्या ओळीनं मांडल्या आणि संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या करायचा नेम धरला. मला कौतुक वाटलं. गावाला सांगितलेलं घरचं माणूसही ऐकतंय!

दोन आठवड्यांनी तिचं डोकं दुखू लागलं. मळमळ सुरू झाली. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, पाणी आणखी पी. तिनं प्यायलं. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर माझ्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही कोण? कुणाकडे आलात?"

मला वाटलं, अर्धांगाचा झटका. गाडीत घालून धुळ्याला नेलं. डोक्याच्या फोटोत काही नव्हतं. रक्त तपासलं, तर सोडियम ११४. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला मुख्य घटक. गोळी मीठ बाहेर टाकत होती, जेवणात मीठ कमी होतं आणि वरून मी सांगितलेलं चार लिटर पाणी. उरलेलं मीठ त्या पाण्यात पातळ झालं होतं. असं झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूला सूज येते. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. आईच्या बाबतीत मात्र ते आठवलं नाही. सोडियम घाईनं वाढवताही येत नाही, त्यातही धोका असतो. चार-पाच दिवस लागले. ती सावरली. घरी आल्यावर म्हणाली, "अरे, तूच तर सांगायचास ना सगळ्यांना?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

मग मी शोधू लागलो, की हे 'इतके लिटर', हे 'आठ ग्लास' आले कुठून?

अमेरिकेतल्या एका सरकारमान्य आहार मंडळानं १९४५ साली लिहिलं होतं, की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. त्याच्या लगेच पुढे म्हटलं होतं, की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नात असतंच. लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं आणि दुसरं विसरून गेले, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हाइन्झ वाल्टिन नावाच्या मूत्रपिंडाच्या अभ्यासकानं २००२ साली जुने-नवे शोधनिबंध चाळून पाहिले. निरोगी, बैठं काम करणाऱ्या, थंड हवेत राहणाऱ्या माणसानं रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, याला त्यांना शास्त्रीय पुरावा सापडला नाही. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या पुस्तिकेत निरोगी माणसासाठी साधारण आठ ग्लास, म्हणजे दोन लिटर, असा अंदाज दिलेला आहे आणि उन्हात किंवा कष्टाच्या कामात तो वाढतो, असंही लगेच म्हटलेलं आहे. अंदाज म्हणून हे ठीक. माझी चूक अशी, की मी अंदाजाचा दुप्पट करून नियम केला.

शरीराचा जमाखर्च कसा चालतो, ते थोडक्यात सांगतो. आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. श्वासातून आणि कातडीतून, घाम न येताही, पाऊण-एक लिटर जातं. जमेच्या बाजूला आपण पितो ते पाणी आहे, पण तेवढंच नाही. वरण, भाजीचा रस, ताक, दूध, काकडी, टरबूज, सगळ्यात पाणी आहे. टरबुजात तर शंभरातले नव्वदाहून जास्त भाग पाणीच. चहा-कॉफीनं शरीर कोरडं पडतं असं म्हणतात. पण बेताच्या चहाचं पाणी जमेतच धरायचं. रक्त जरा घट्ट होऊ लागलं, शेकड्याला एक-दोन इतका फरक पडला, की मेंदू दोन हुकूम सोडतो. मूत्रपिंडाला सांगतो, पाणी धरून ठेव. आणि आपल्याला सांगतो, पाणी पी. हा दुसरा हुकूम म्हणजे तहान. निरोगी, तरुण माणसाचं यावर बरंचसं भागतं.

जगभरातल्या ५,६०० हून अधिक माणसांच्या शरीरात रोज किती पाणी येतं-जातं, याचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. आठ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यात होते. माणसामाणसात प्रचंड फरक सापडला. उष्ण हवेत राहणारे, अंगमेहनत करणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांची उलाढाल जास्त. गरीब देशांतल्या लोकांची श्रीमंत देशांतल्यांपेक्षा जास्त. म्हणजे सगळ्यांना एक आकडा सांगणं हीच मुळात चूक.

मग तहानेवर सगळं सोडावं का? तर तसंही नाही. तहान काही ठिकाणी फसवते, आणि काही ठिकाणी ती मारावी लागते.

फसवते ती म्हातारपणात. १९८४ साली एक छोटा प्रयोग झाला. सात निरोगी वृद्ध आणि सात तरुण यांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवलं. वृद्धांचं शरीर कोरडं पडलं होतं, तरी त्यांना तहान कमी लागली, आणि पाणी पुढे ठेवल्यावरही ते कमी प्यायले. म्हणून घरातल्या आजी-आजोबांना उन्हाळ्यात अधूनमधून पाणी विचारायला हवं. जेवताना, गोळी घेताना, चार वाजता, असं थोडं थोडं. माझ्या आईसारखं बाटल्या मोजून नव्हे. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा लिव्हरचा आजार असेल, किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर किती प्यायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आता तहान मारणाऱ्यांबद्दल. आईच्या आजारपणानंतर काही महिन्यांनी एक शेतमजूर बाई दवाखान्यात आली. वय तिशीचं. वर्षात चौथ्यांदा लघवीची जळजळ आणि थंडीताप. मी औषध लिहिलं आणि म्हटलं, "ताई, पाणी कमी पडतंय तुला. कामावर असताना जास्त पीत जा." ती खाली बघत म्हणाली, "पाणी असतं हो डॉक्टरसाहेब. पण पिऊन जाऊ कुठे? कपाशी गुडघाभर, एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला गडीमाणसं. सकाळी घरून निघताना पिते, ते संध्याकाळी घरी गेल्यावर."

श्रोतेहो, मी इतकी वर्षं बायकांना पाणी प्या म्हणून सांगत होतो, आणि हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. त्या दिवसापासून विचारू लागलो. एस.टी.नं जाणारी शिक्षिका, कॉलेजात जाणारी मुलगी, बाजारात भाजी घेऊन बसणारी मावशी, उत्तर तेच. जायला जागा नाही म्हणून पाणी नाही.

याचे परिणाम मोजलेले आहेत. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला; बाकीच्यांना ३.२ वेळा. मुतखड्याचंही तसंच. इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, त्याचा निष्कर्ष १९९६ साली आला. भरपूर पाणी पिणाऱ्यांत शंभरातल्या बारांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत सत्तावीस जणांना. मुतखडा होऊन गेलेल्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात, ते म्हणूनच. आमच्या महामार्गावरच्या ट्रक ड्रायव्हरांत मी हा आजार पुष्कळ पाहिला. इंजिनाची धग, घाम, आणि गाडी थांबवायला नको म्हणून पाणी नको.

१९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याचं पाणी आणि मुताऱ्या या दोन्हींची सक्ती होती. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यायचं, हेही त्यात होतं. कायदा करणाऱ्यांना या दोन गोष्टींचं नातं कळलं होतं. शेताच्या बांधावर मात्र तो कायदा कधी पोचला नाही. तिथे शेतमालकानं चार बांबू आणि एक साडी आडवी लावली, तरी पुष्कळ. आमच्याकडे दोन-तीन शेतकऱ्यांनी तसं केलं. खर्च काही आला नाही. त्या बाईचा त्रासही पुढे कमी झाला. तो औषधानं की आडोशानं, हे मी सांगू शकत नाही. पण ती पाणी पिऊ लागली, एवढं खरं.

उन्हात काम करणाऱ्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावं, तहान लागायची वाट पाहू नये. मात्र एका तासात दीड लिटरच्या वर जाऊ नये. निरोगी मूत्रपिंडही तासाला साधारण एक लिटरच पाणी बाहेर टाकू शकतं. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर शंभरात तेरा जणांचं सोडियम कमी निघालं, मुख्यतः पाणी जास्त प्याल्यानं. २००७ साली अमेरिकेतच एका रेडिओ केंद्रानं पाणी पिण्याची शर्यत लावली आणि त्यात एक तरुण आई दगावली. रेडिओवरून बोलताना मला ती गोष्ट सांगायलाच हवी.

घाम खूप गेला, तर पाण्याबरोबर मीठही हवं. आपल्या जुन्या माणसांचं मीठ घातलेलं ताक, पन्हं हे त्यासाठीच. जुलाब होत असतील तर नुसतं पाणी पुरत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हे माप तेवढं पाठ करा. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी देऊ नका. आईच्या दुधात ते पुरेसं असतं.

आता कुणी मला किती पाणी प्यावं असं विचारलं, तर मी उलट विचारतो, "लघवी शेवटची केव्हा झाली? रंग कसा होता?" फिकट पिवळा, वाळल्या गवताच्या काडीसारखा असेल आणि दिवसात चार-सहा वेळा होत असेल, तर तुमचं बरं चाललंय. गडद असेल तर पाणी कमी पडतंय. पाण्यासारखी पांढरी आणि सारखी होत असेल, तर उगाच जास्त पीत आहात. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी रंग पिवळाजर्द होतो, तो सोडून द्या. नेम धरून जास्त पाणी पिणाऱ्या कुणाला मळमळ, डोकेदुखी किंवा भ्रम होऊ लागला, तर आणखी पाणी न पाजता दवाखाना गाठा. आणि बाई माणूस असेल, तर मी तिसरा प्रश्न विचारतो, "कामावर जायला जागा आहे का?"

खान्देशात आखाजीला आपण घागर भरतो. गेलेल्यांना ऐन उन्हाळ्यात तहान लागत असेल, म्हणून त्यांच्या नावानं पाणी ठेवतो. फार चांगली रीत आहे. त्याच दिवशी आपल्या शेतात, दुकानात, कारखान्यात राबणाऱ्या बाईला पाण्याचा माठ आणि एक आडोसा मिळेल एवढं पाहिलं, तर ती घागर पुरती भरली असं मी म्हणेन.

आई अजून विचारते, "आज किती पिऊ रे?" मी म्हणतो, "तहान लागेल तेवढं. आणि चार वाजता मी चहा करतो, तो धरून."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)