ठार, जखमी, बेपत्ता



'वसाहतवादी युद्धांतील सैनिकी नोंदी' हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. तो पेलण्याजोगा व्हावा म्हणून मी एका पदकापासून सुरुवात करतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या मोहिमांसाठी १८५१ साली 'आर्मी ऑफ इंडिया' हे चांदीचे पदक मंजूर झाले. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला विजयदेवता आणि १७९९–१८२६ ही साले. फितीवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी. या पट्ट्या वाचू लागलो की आपण महाराष्ट्रातच फिरू लागतो: आसई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव. आपल्या राज्याचा अस्त ज्या ज्या गावी झाला, ते ते गाव तिथे चांदीत कोरलेले आहे, अर्थात इंग्रजी वळणाने.

पदक मिळण्याची खरी अट शौर्याची नव्हती, हयातीची होती. आसईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. त्या दिवशी विशीत असलेला शिपाई १८५१ साली सत्तरीकडे झुकलेला. वाटेत जो मेला, त्याच्या घरी पट्टी गेली नाही. म्हणून पदकांच्या याद्या घेऊन 'कोण लढले' हे ठरवायला निघालेल्या तरुण अभ्यासकांना माझे सांगणे आहे, की त्या याद्यांतून कोण किती जगले हे कळते आणि कोणाचा अर्ज योग्य कचेरीत पोचला हे कळते. बाकीचे दुसरीकडे शोधावे लागते. श्रीरंगपट्टणच्या विजयासाठी कंपनीने दिलेल्या पदकात तर धातूच हुद्द्याप्रमाणे होता. सेनापतींना सोने, मग चांदीवर मुलामा, चांदी, कासे आणि साध्या शिपायाला कथील. निदान तिथे हिशेब उघड होता!

आता हताहतांच्या याद्या. आसईला कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्या फौजेची नोंद अशी: ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. युरोपीय वेगळे, देशी वेगळे, घोड्यांनाही रकाना. ही काळजी केवळ माणुसकीपोटी नव्हती. मेलेल्याचा पगार बंद करायचा असतो, जखमीला पेन्शन लावायचे की नाही ते ठरवायचे असते, घोडा नवा घ्यायचा असतो. यादी आधी खजिन्यासाठी होते, स्मारकासाठी मागाहून. समोरच्या बाजूचे रणांगणावर १२०० पडले, हा आकडाही वेलस्लीकडूनच येतो. शिंद्यांच्या पलटणींत पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन हुकूम देत होता आणि उत्तर हिंदुस्थानातले पूरबिये लढत होते. त्या १२०० त कोण होते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

मराठ्यांना नोंदी ठेवता येत नव्हत्या, असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्या दप्तरांत हजेरीपट आहेत, शिलेदाराची आणि त्याच्या घोड्याची चेहरेपट्टी आहे, आणि कामास आलेल्या माणसाच्या मुलांना दिलेली बालपरवेशी आहे. बालपरवेशीचा एक कागद नीट वाचला तर कोण, कुठे, कोणाच्या पथकात पडला आणि मागे किती पोरे राहिली, एवढे कळते. कंपनीच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा तो मला मोलाचा वाटतो, कारण त्यात घर दिसते. माझा तर्क असा, की १८१७-१८ च्या युद्धाच्या अशा नोंदी विरळ असण्याचे कारण कारकुनांचा आळस नव्हे. पेशवा बाजीराव ३ जून १८१८ ला शरण गेला. बालपरवेशी द्यायला सरकारच उरले नाही, मग यादी कोणी आणि कोणासाठी करायची?

कोरेगावात हा फरक दगडातच दिसतो. १ जानेवारी १८१८ ला कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनच्या ८३४ माणसांपैकी २७५ ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. तिथल्या स्तंभावर पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. पेशव्यांच्या बाजूने अरब होते, गोसावी होते, मराठे होते. त्यांच्यासाठी आहे तो केवळ अंदाजाचा आकडा, तोही इंग्रजांचा. कंपनीने तो स्तंभ आपल्या विजयासाठी उभारला, हे उघड आहे. पण नाव एकदा कोरले की ते कोरणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. पुढे सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. ज्यांना माणुसकीचे साधे हक्क नाकारले होते, त्यांच्या हाती तो दगड पुरावा म्हणून आला. त्या स्तंभावरून वाद घालणाऱ्यांनी, कोणत्याही बाजूने, आधी त्यावरची नावे एकदा शेवटपर्यंत वाचावीत.

या परिषदेकडून मला एक काम हवे आहे. कंपनीच्या युरोपीय शिपायांचे मस्टर लंडनला जात. ते आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. देशी शिपायाची नावनिशी मात्र पलटणीकडे राहिली आणि विखुरली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी रुमालांचे ढीग आहेत. पदकावरच्या पट्टीचे एकेक गाव एकेका जिल्ह्याने घ्यावे. इनामाचे कागद, देवळातल्या पायऱ्या, वीरगळ, घराण्यांचे तंटे, जिथे जिथे त्या लढाईत पडलेल्याचे नाव येते, तिथून ते उचलावे. तो कोणत्या बाजूने लढला हे मागून लिहावे. आसई जालना जिल्ह्यात आहे. तिथले प्रतिनिधी सभागृहात बसलेले दिसतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करू.