मासिकाची वर्गणी भरू का? गाडीत झोपणाऱ्यांसाठी एक हिशेब

तासगावातून बोलतोय. मागून पंपाचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, शेजारच्या बागेत फवारणी चालू आहे.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यानं जुनी व्हॅन घेतलीय, मागच्या सीट काढून गादी टाकलीय, छोटी शेगडी ठेवलीय आणि दर दोन शनिवार-रविवारी बाहेर पडतो. त्याचा प्रश्न असा : "गाड्यांचं, कॅम्पिंगचं मासिक लावू का? की यूट्यूब आहे म्हटल्यावर पैसे वाया?"

मी लगेच "वाया" असं टाइप केलं होतं. पाठवलं नाही. का पाठवलं नाही, तोच आजचा भाग.

आधी माझी बाजू सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कोविडपासून बराच काळ घरून काम. माझ्याकडे सेकंडहँड ओम्नी आहे. ही गाडी मारुतीनं १९८४ साली 'व्हॅन' म्हणून आणली आणि २०१९ मध्ये बंद केली, म्हणजे आता मिळणार ती जुनीच. मी आणि माझा एक मित्र, आम्ही तिच्यात लाकडी घडीचा पलंग बसवला. बॉडीला एक भोक पाडलं नाही. कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा ठणकावून सांगितलंय. आता गंमत बघा. 'दोन तासांत व्हॅनचं घर' असे मी पंधरा-वीस व्हिडिओ बघितले असतील. त्यात आरटीओ हा शब्द एकदाही ऐकला नाही. मला तो सांगितला आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी, तोही चहा पिताना.

आता ऑक्टोबरचा किस्सा. दिवाळीच्या आधी मी घरातल्या सगळ्या वर्गण्या एका शीटमध्ये मांडल्या. तीन ओटीटी, एक क्लाउड स्टोरेज, एक जिम (दोनदाच गेलो होतो) आणि खाली पप्पांची शेतीची मासिकं. त्यात द्राक्ष बागायतदार संघाचं 'द्राक्षवृत्त' पण होतं. मी म्हटलं, सगळं फोनवर मिळतं, व्हॉट्सअ‍ॅपचे चार ग्रुप आहेत, कागद कशाला? यंदाचे पैसे भरले नाहीत. रक्कम सांगत नाही, लाज वाटेल इतकी छोटी होती. पप्पांना नुसतं सांगितलं, "बंद केलंय." ते "बरं" म्हणाले. फळछाटणीची गडबड चालू होती. विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

डिसेंबरात आम्ही दोघं तापोळ्याकडे गेलो. थंडी कडक. रात्री पाणी तापवलं, मॅगी केली आणि ऊब राहावी म्हणून शेगडी बारीक करून चालूच ठेवली. काचा बंद. एका व्हिडिओत तसंच बघितलं होतं, त्यांचं छान चाललेलं दिसत होतं. पहाटे मला जाग आली ती डोकं फुटतंय म्हणून. मित्राला हलवलं तर तो ओकायला लागला. पाय जड झाले होते. दार सरकवायचं एवढं साधं काम, मला दोन-तीन प्रयत्न लागले. बाहेर गवतात आम्ही बराच वेळ नुसते बसून होतो. मग उजाडल्यावर दवाखाना गाठला.

झालं काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं. बंद जागेत हवा कमी पडली की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळाला तर वास येतो, कारण एलपीजीत तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. ह्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला आधी गुंगी येते, त्यामुळे धोका आहे हे कळायचं डोकंच चालत नाही. आम्हाला जाग आली हे नशीब, बाकी काही नाही.

घरी आल्यावर मी इंजिनियरसारखा विचार करायला लागलो. माहिती नव्हती का? होती की. 'कार्बन मोनॉक्साइड व्हॅन' असं शोधलं की दहा सेकंदांत ढीग समोर येतो. पण मी ते शोधलंच नव्हतं. मी शोधलं होतं 'व्हॅनमध्ये थंडी कशी घालवायची'. त्याचं उत्तर मला मिळालं, आणि त्या उत्तरानं आम्ही दोघं जाणार होतो.

जानेवारीत माझा आत्येभाऊ इंग्लंडहून आला. तिकडं कॅरॅव्हानचं वेड जुनं आहे, त्यांचा क्लब १९०७ सालचा. भावाचे शेजारी कॅरॅव्हानवाले, त्यांच्याकडची जुनी मासिकं मी मागवून घेतली होती. सात-आठ अंक होते. खरं सांगतो, निम्मं माझ्या कामाचं नव्हतं. तिकडचे टोइंगचे नियम, तिकडच्या साइट, आपल्याला परवडणार नाहीत अशा गाड्यांच्या जाहिराती. पण थंडीच्या तोंडावरचा प्रत्येक अंक काढून बघितला, तर त्यात एक कोपरा होताच : झोपताना शेगडी बंद, हवेची जाळी उघडी, अलार्मची बॅटरी तपासा. वेगवेगळ्या वर्षांचे अंक, सूचना तीच.

आधी मला हसू आलं. ह्यांच्याकडे नवीन काही नाही वाटतं! मग हसू थांबलं. मला न विचारता, दर वर्षी, थंडीच्या आधी कोणीतरी हे सांगणारं हवं होतं. फोनचा फीड असं करत नाही. त्याला जुनी गोष्ट परत दाखवून काही मिळत नाही.

त्याच आठवड्यात शेजारचे तात्या घरी आले. हातात गुंडाळलेला अंक. म्हणाले, "तुझ्या पप्पाला दे. परवा वाचत बसला होता, चष्मा पण विसरून गेलाय माझ्याकडं."

नोव्हेंबरपासून पप्पा तात्यांच्या ओसरीवर जाऊन मासिक वाचत होते. तीन महिने. मला एक शब्द बोलले नाहीत.

रात्री जेवताना मी विचारलं, "पप्पा, सांगायचं नाही का?"
"तू हिशेबाचा माणूस. म्हटलं, असंल काहीतरी."
"पण त्यात दर वर्षी तेच असतंय ना? एप्रिलला खरडछाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी..."
"आरं, तेच असतंय म्हणून तर वाचायचं. बाग दर वर्षी नवी असती, चुका त्याच असत्यात."

मग मी तापोळ्याचं सगळं सांगितलं. तोपर्यंत घरात 'पोट बिघडलं होतं' एवढंच सांगितलं होतं. पप्पा घास हातात धरून ऐकत राहिले. म्हणाले, "बेदाण्याला गंधकाची धुरी देतो तवा आधी दार उघडं टाकतो, मग वाट बघतो, मग आत जातो. कुणी शिकवलं? वाचलंय, बघितलंय, दर वर्षी एकमेकाला सांगतो. गंधकाचा वास येतोय म्हणून माणूस पळतंय तरी. तुझ्या त्याला तर वास पण नाही." आणि ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गणी भरली.

आता हे सगळं भावनेच्या भरात झालं म्हणून सोडू नका. हिशेब करू.

पहिला मुद्दा, जबाबदारी. छापलेल्या मजकुरावर तारीख असते, लेखकाचं नाव असतं, कोणासाठी ते लिहिलेलं असतं. आमच्याकडचंच उदाहरण देतो. द्राक्षात जीए वापरतात. १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम, साधं गणित. पण ते कुठल्या वाणाला, घड कुठल्या अवस्थेत असताना, हे फॉरवर्ड होता होता गळून पडतं. तास-ए-गणेश हा वाण याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेला, नावातला 'तास' म्हणजे आपलं तासगाव. त्याचं वेळापत्रक जसंच्या तसं दुसऱ्या वाणाला लावून कसं चालेल? ग्रुपवर नुसता आकडा येतो. तो चुकला तर विचारायचं कोणाला? मासिकाच्या संपादकाला निदान पत्र तरी लिहिता येतं.

दुसरा मुद्दा, पैसे कोण देतंय. आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट आहे. इथून जवळ किर्लोस्करवाडी. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, संपादक शंकरराव किर्लोस्कर. नांगर, चरक, पंप बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक. म्हणजे वस्तू विकणाऱ्यानंच गिऱ्हाइकाच्या हातात वाचायला दिलेलं. पुढं ते वाढलं, १९२९ मध्ये नुसतं 'किर्लोस्कर' झालं आणि घराघरांत गेलं, पाठोपाठ १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर' आलं. विकणाऱ्यानं काढलेलं मासिक चांगलं असू शकतं, हे त्यातून दिसतं. पण वाचताना प्रश्न विचारायचा : हे पान माझ्या पैशावर चाललंय की जाहिरातदाराच्या? हाच प्रश्न व्हिडिओलाही विचारा. फुकट टेंट मिळालेला माणूस टेंटला नावं ठेवील का?

तिसरा मुद्दा, आणि इथं श्रोता मित्राला निराश करणार आहे. मी आपल्याकडच्या गाड्यांच्या मासिकांचे तीन अंक आणून पानं चाळली. नव्या गाड्यांच्या चाचण्या उत्तम, फोटो झकास. जुन्या व्हॅनमध्ये झोपणाऱ्यासाठी एक पान नाही. महाराष्ट्राचं कॅरॅव्हान पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण आपण घरगुती पलंगवाले अजून कोणाच्या लेखी नाही. म्हणून नुसतं 'गाडी आहे' एवढ्यावर वर्गणी भरू नका.

मग काय करायचं? मी जे करतो ते सांगतो.

आधी जुने अंक मिळवा. रद्दीवाला, मित्र, गावातलं वाचनालय. आपल्याकडं १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगावी आहेत, आणि तिथल्या मासिकांच्या टेबलाजवळ बऱ्याचदा गर्दी नसते. तीन अंक वाचा. तुमच्याकडे जी वस्तू आहे तिच्याबद्दल किती पानं आहेत, मोजा. तीन अंकांत एकही पान कामाचं नसेल तर सोडून द्या.

कामाचं असेल तर एकच वर्ष भरा. ऑटोपे बंद ठेवा. वर्ष संपलं की स्वतःला विचारा : ह्यातलं वाचून मी एकतरी गोष्ट बदलली का? चार मित्रांत एक वर्गणी घेतली तरी चालते, अंक फिरतो, त्यावर गप्पा होतात.

ज्याच्या गाडीत गॅस आहे, वायरिंग आहे, दुसरी बॅटरी आहे, किंवा जो घरच्यांना घेऊन झोपतो, त्यानं पहिल्या वर्षी तरी कुठलं ना कुठलं संपादित केलेलं वाचन लावावंच. परदेशी असलं तरी चालेल, डिजिटल असलं तरी चालेल. जो वर्षातून दोनदा भाड्याची कॅरॅव्हान घेतो त्यानं त्या पैशात डिझेल भरावं.

आणि मासिक लावा न लावा, मित्रा, तुझ्या मेसेजमध्ये तू शेगडी म्हणालास. झोपताना ती बंद. पूर्ण बंद. काच दोन बोटं उघडी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, गाडीत झोपायच्या आधी तो आण. थंडी वाजली तर आणखी एक रजई घे. हे मी दर वर्षी नोव्हेंबरात एका भागात पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी ऐकून घ्या.

तात्यांकडचा चष्मा मी आणून दिला. पप्पा तरी संध्याकाळी तिकडंच जातात, आता आपला अंक घेऊन. दोघं मिळून वाचतात आणि भांडतात. माझ्या शीटमध्ये मी ती ओळ वर घेतलीय आणि जिमची खोडलीय.

तुमच्या घरी कोणतं मासिक येतं, किंवा कोणतं तुम्ही बंद केलंत, मला व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात भेटू. गाडी जपून चालवा, काच उघडी ठेवा.