सरकारी कागदपत्रांचा यंत्रानुवाद
(भाषणाचा मजकूर)



पंचायतीच्या फलकावर इंग्रजीतील सूचना लागते. तिच्यात सर्वे क्रमांक असतो, हरकत नोंदविण्याची मुदत असते आणि खाली अधिकाऱ्याची स्वाक्षरी असते. ज्याच्या शेतासंबंधी ती सूचना आहे, त्याला ती कोणीतरी वाचून दाखवावी लागते. वाचून दाखविणारा भेटेपर्यंत मुदत मात्र थांबत नाही.

आपले गाऱ्हाणे राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार भारतीय संविधानाच्या 350 व्या अनुच्छेदाने प्रत्येकास दिला आहे. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामी मराठीच्या वापरासही मान्यता दिली. कायद्याची ही बाजू स्पष्ट आहे. अडचण आहे ती हातांची. कागद पुष्कळ आणि अनुवादक थोडे. यास्तव यंत्राकडून अनुवाद करून घेण्याच्या सोयीकडे कचेऱ्यांचे लक्ष वळावे, हे स्वाभाविकच होय.

ही कल्पना आजची नव्हे. 1954 च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे साठाहून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी रूपांतर संगणकाकडून करवून दाखविण्यात आले होते. त्यासाठी यंत्राला अवघे 250 शब्द आणि 6 नियम दिलेले होते. आजची यंत्रे नियम पाठ करीत नाहीत. माणसांनी केलेल्या लक्षावधी अनुवादित वाक्यांवरून ती भाषांतराची सवय लावून घेतात. गुगलच्या अनुवाद-सेवेत मराठी 2013 मध्ये आली, कोकणी 2022 मध्ये. त्याच 2022 साली केंद्र सरकारने आठव्या अनुसूचीतील 22 भाषांसाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला.

अशा सेवेकडे दस्तऐवज पाठविण्याची रीत कचेरीतील मंडळींना फारशी परकी वाटू नये. ‘क्लाउड’ म्हणजे ढग नव्हे. दूरवर उभे असलेले, भाड्याने वापरता येणारे ते संगणक. एका संगणक-प्रणालीने दुसरीकडे ठराविक नमुन्यात मागणी नोंदविण्याची जी खिडकी, तिला ‘एपीआय’ म्हणतात. या खिडकीवर अर्ज अपुरा असला तर तो परत येतो, अगदी टपाल शाखेतल्यासारखाच. अर्जात कचेरीची ओळख पटविणारी गुप्त किल्ली, मूळ भाषा, हवी असलेली भाषा आणि फाईल एवढे द्यावे लागते. भाषांची नावे संकेतांनी लिहितात. बहुतेक सेवांत मराठीसाठी ‘एमआर’ आणि कोकणीसाठी ‘जीओएम’. मूळ भाषा न सांगितल्यास यंत्र ती आपल्या अंदाजाने ठरविते. मराठी, कोकणी आणि हिंदी या तिन्ही भाषा देवनागरीतच लिहिल्या जात असल्याने दोन ओळींच्या अर्जाबाबत हा अंदाज चुकू शकतो. म्हणून भाषा स्पष्ट लिहिणे बरे.

चार पानांचे पत्र असेल तर उत्तर तत्काळ मिळते आणि तक्ते, मथळे बहुधा जागच्या जागी राहतात. शंभर फाईलींचा गठ्ठा असेल तर तो एका साठवण-कप्प्यात ठेवायचा, अनुवाद कोणत्या कप्प्यात यावा ते सांगायचे आणि आवक क्रमांकासारखा जो क्रमांक मिळेल त्यावरून काम कुठवर आले याची विचारणा करीत राहायचे. आकार अक्षरांवर किंवा पानांवर होतो. एकच गठ्ठा चुकून दोनदा पाठविला तर बिलही दोनदा येते.

येथे जुन्या कचेऱ्यांची एक खास अडचण सांगितली पाहिजे. युनिकोडपूर्वीच्या टंकांमध्ये तयार केलेली मराठी पत्रे पडद्यावर मराठी दिसतात खरी, पण आत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असतो. यंत्राच्या हाती तो गोंधळच लागतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. छायाचित्रासारख्या स्कॅन केलेल्या प्रतीतील अक्षरेही प्रथम ओळखून घ्यावी लागतात, आणि पुसट शिक्क्याखालचा आकडा तेथेच बदलण्याचा संभव असतो.

परंतु खरी कसोटी शब्दांची. ‘टेनंट’ या इंग्रजी शब्दाचा ‘भाडेकरू’ असा अनुवाद शहरातील घराबाबत योग्यच आहे. तोच शब्द 1964 च्या कृषी कूळवहिवाट कायद्याखालील सूचनेत आला तर तेथे ‘कूळ’ हवे. कुळाला भाडेकरू म्हटले की त्याच्या हक्काचा रंगच बदलतो. ‘मुंडकार’ हा शब्द इंग्रजी लिपीतून परत येताना सहज ‘मुंडकर’ होतो, आणि 1975 च्या कायद्याने ज्याच्या घराला संरक्षण दिले तो माणूस कोणाचे तरी आडनाव होऊन बसतो! ‘कोमुनिदाद’ म्हणजे नुसता समुदाय नव्हे. शब्दकोशातील ‘मानस’ म्हणजे मन. खाजनाच्या बांधावरील मानस म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडविणारे आणि सोडणारे दार. मानस दुरुस्तीचा अर्ज इंग्रजीत मनाच्या दुरुस्तीचा झाला, तर तो कोणत्या खात्याने हाताळावा?

यावर उपाय आहे आणि तो सेवेतच उपलब्ध आहे. दोन रकान्यांची शब्दसूची तयार करावयाची: एकीकडे मूळ शब्द, दुसरीकडे ठरलेला प्रतिशब्द. ती क्लाउडमध्ये ठेवून अर्जात तिचा उल्लेख केला की यंत्र तो प्रतिशब्द पाळते. मात्र एकच सूची सर्व खात्यांना चालणार नाही, हे ‘टेनंट’च्या उदाहरणावरून दिसून येईल. शिवाय सूचीतील ‘कूळ’ यंत्र जसाच्या तसा बसविते, त्यामुळे ‘कुळाला’ ऐवजी ‘कूळला’ असे ओबडधोबड रूप उमटते. सामान्यरूप सुधारण्यास माणूसच लागतो. ही सूची तयार करण्याच्या कामी गावच्या शिक्षकांचे आणि जुन्या जाणत्या शेतकऱ्यांचे साहाय्य घेतले, तर ती मुख्यालयातील कोणत्याही कोशापेक्षा उपयोगी ठरेल.

काही कागद मात्र या खिडकीवर नेण्यापूर्वी विचार करावा. रुग्णाची माहिती, आधार क्रमांक, बालकांची नावे असलेली प्रकरणे बाहेरच्या संगणकावर पाठविताना 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ध्यानी घेतला पाहिजे. कचेरीची गुप्त किल्लीही टेबलावरील चिठ्ठीत लिहून ठेवण्याची वस्तू नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने 2019 पासून ‘सुवास’ या प्रणालीच्या साहाय्याने निकालांचे भारतीय भाषांत अनुवाद करण्यास प्रारंभ केला. त्यांत मराठीही आहे. पक्षकाराला समजावे एवढ्यापुरताच तो अनुवाद असून अधिकृत कामासाठी इंग्रजी प्रतच प्रमाण, अशी सूचना तेथे दिलेली असते. पंचायतीच्या फलकावरही असेच करता येईल. मूळ इंग्रजी सूचनेशेजारी मराठी प्रत लावावी. ती यंत्राने केलेली आहे, कोणी तपासली आणि कोणत्या तारखेस, हे तिच्या तळाशी लिहावे. तपासणाऱ्याने सर्वप्रथम तारखा, सर्वे क्रमांक, रकमा आणि नकारार्थी वाक्ये मुळाशी ताडून पाहावीत. ‘या तारखेनंतर नव्हे’ आणि ‘या तारखेनंतर’ यांत एकाच शब्दाचे अंतर असते, आणि हरकत घेणारा गावकरी त्याच शब्दावर विसंबून घरून निघालेला असतो.