थायरॉईडची गोळी : औषध एकच, माप ज्याचे त्याचे



मंडळाने आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले. आम्ही डॉक्टर नाही, डिप्लोमा करून पाणीपुरवठ्याच्या सरकारी नोकरीत लागलेली साधी माणसे. पण आमच्या घरात ७ वर्षे थायरॉईडची गोळी चालू आहे. त्या निमित्ताने डॉक्टरांकडून जे समजले, तेवढेच सांगतो.

आमच्या सौ.ना सतत थकवा यायचा. वजन वाढले, केस गळू लागले, भर वैशाखात पंखा नको व्हायचा. नातलग म्हणाले, "चाळिशी आली, जरा हालचाल वाढवा." रक्त तपासले तेव्हा टीएसएच २२ निघाला. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉईडला सोडलेला हुकूम. थायरॉईड काम करेना, की हुकूम वाढत जातो. म्हणून आकडा जास्त, तर थायरॉईड कमी.

हा उपचार जुना आहे. १८९१ मध्ये इंग्लंडच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईंना बरे केले. त्या पुढे २८ वर्षे जगल्या. आज शरीरातले तेच मुख्य संप्रेरक लेव्होथायरॉक्सिन या नावाने गोळीत मिळते.

खरा प्रश्न मापाचा असतो. सौ.ना २५ मायक्रोग्रॅमने गुण आला नाही, मग ५०, शेवटी ७५. मधल्या काळात "औषधच बदला" असे सांगणारे पुष्कळ भेटले. पण या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायला ५-६ आठवडे जातात. व्हॉल्व्ह फिरवल्याबरोबर टाकी भरत नाही, हे आम्हा पाणीवाल्यांना सांगायला नको! म्हणून डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करतात. घाईने डोस वाढवला तर छातीत धडधड होते, आणि जास्त डोस बराच काळ चालला तर हाडेही ठिसूळ होतात. हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांना म्हणूनच थोड्यापासून सुरुवात करतात.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. आपल्या इंदूरचे पोहे-जिलेबी आणि चहा अर्धा-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तासांनी. सोयाबीनचे पदार्थही गोळी शोषू देत नाहीत, आणि माळव्यात सोयाबीनला काय तोटा!

आता सणासुदीचे. हरतालिकेच्या निर्जळी उपासाला पुष्कळ भगिनी गोळी बंद ठेवतात. एखादा दिवस चुकला तर घाबरण्याचे कारण नाही. पण श्रावणापासून उपासांची रांगच लागते, आणि दर उपासाला गोळी राहिली तर जमलेले माप बिघडते. गोळी हे अन्न नव्हे. उपासाच्या दिवसाचे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर गोळी मुळीच थांबवू नये. त्या काळात बहुधा डोस वाढवावा लागतो, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर होते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना गाठावे.

शेवटी एकच विनंती. घरातली बाई "अंगात त्राण नाही" म्हणाली, तर तिला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासा. टीएसएचची तपासणी साधी आहे, आणि एकदा माप जमले की माणूस पुन्हा पूर्वीसारखा उभा राहतो. आमच्या घरी यंदा गौरींची सगळी आरास सौ.नीच केली.

गणपती बाप्पा मोरया!