दाढ वाचते ती रूट कॅनलच्या आधी आणि नंतर

(राजगुरुनगर येथे भरलेल्या दंतवैद्यांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



हुतात्मा राजगुरूंच्या या गावात उगाच लांबण लावणं शोभत नाही. तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

आपल्या भागात वाचू शकणाऱ्या दाढा काढाव्या का लागतात? विद्या कमी पडते म्हणून नक्कीच नाही. निकेल-टायटॅनियमच्या फाइली आणि अपेक्स लोकेटर आता तालुक्याच्या दवाखान्यांतही दिसतात. माझ्या मते दाढ जाते ती दोन ठिकाणी: दुखायला लागण्याआधी आणि दुखणं थांबल्यानंतर. मधल्या रूट कॅनलवर आपण परिषदा भरवतो. या दोन टोकांबद्दल फारसं बोलत नाही.

आधी नंतरचं टोक घेऊ. चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर असलेला तरुण रात्रपाळी संपवून येतो. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, गालावर हात. मेडिकलमधल्या गोळ्यांवर आठवडा काढलेला असतो. "डॉक्टर, काढूनच टाका. खाडा झाला की पगार कापतात." आपण समजूत घालतो, नस काढतो, ठणका थांबतो. तो थांबला की पेशंटही यायचा थांबतो. कॅप राहते ती राहतेच. पुढे कधीतरी भाकरीतला खडा लागतो आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरते. मग ती काढण्यावाचून इलाज उरत नाही.

कॅप राहण्याचा दुसरा धोका जंतूंचा. इथं १९६५ सालचा एक प्रयोग आठवावा. काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांतली नस मुद्दाम उघडी पाडली. साध्या उंदरांत ती सडली, मेली. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र जखमेवर दाताचाच नवा थर धरला. दोन्हीकडे जखम तीच होती. फरक होता तो फक्त जंतूंचा. न्यूयॉर्कचे दंतवैद्य बार्नम यांनी १८६४ साली रबर डॅम लावला तो लाळ बाहेर ठेवायला. लाळेबरोबर जंतूही बाहेर राहतात. पण आत इतकं सोवळं पाळून साफसफाई करायची आणि वर तात्पुरतं सिमेंट ठेवून माणसाला घरी पाठवायचं, हे कुठलं शहाणपण? ते सिमेंट झिजलं की लाळ पुन्हा आत उतरते.

म्हणून कॅपचा विषय शेवटच्या सिटिंगला काढू नये. एक्स-रे बघतानाच एकूण खर्च, एकूण फेऱ्या आणि कॅपची तारीख सांगावी. जिथं जमेल तिथं एकाच बैठकीत काम उरकावं. त्याचं यश अनेक बैठकींपेक्षा कमी नसतं, असंच आजवरचे अभ्यास सांगतात. सुरुवातीला थोडं जास्त दुखू शकतं, तेही आधीच सांगावं. आणि अपॉइंटमेंट आपल्या सोयीनं न देता पेशंटच्या पाळीच्या हिशेबानं द्यावी.

आता आधीचं टोक. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, कोणताही दुधाचा दात न पडता, मागच्या बाजूला. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. "पडेल आपोआप" म्हणत ती किडू दिली जाते. तिची मुळं पुरती वाढायला पुढची दोन-तीन वर्षं लागतात आणि ती वाढवते ती आतली जिवंत नस. अशा दाढेत गार पाण्याची कळ क्षणात जात असेल, तर नस काढायची घाई कशाला? कीड काढावी, गरज पडल्यास एमटीए किंवा बायोसिरॅमिक सिमेंटनं नस झाकावी, वरून घट्ट बंद करावं. कळ रेंगाळते, रात्री झोप मोडते, तिथंही नुसती अँटिबायोटिक लिहून देऊ नये. सुजलेल्या नसेवर तिचा उपयोग नाही. तेवढ्या गोळ्यांत दाढेचे मोलाचे दिवस जातात.

अपघाताचंही तेच. पुणे-नाशिक महामार्गावर गाडी घसरते, शाळेच्या मैदानावर कबड्डीत कोपर लागतं, पुढचा दात अख्खा बाहेर येतो. कायमचा दात असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरावा, मूळ घासू नये, पाण्यानं जेमतेम धुऊन लगेच जागेवर बसवावा. नाहीच जमलं तर दुधात बुडवून दवाखाना गाठावा. तासभर कोरडा राहिला, तर मुळावरच्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात. हे आपल्याला पाठ आहे. शाळेतल्या सरांना आणि कंपनीच्या फर्स्ट-एड रूममधल्या माणसाला कोण सांगणार?

अर्थात प्रत्येक दाढ वाचवायचा हट्टही नको. मूळ उभं चिरलेलं असेल, हाडाचा आधारच गेला असेल, तर स्पष्ट "काढू या" म्हणावं. तसं म्हणणाऱ्या डॉक्टरच्या "वाचेल" या शब्दालाही मग किंमत येते.

शेवटी एकच मागणं. उद्या दवाखाना उघडलात की गेल्या वर्षभराचं रजिस्टर काढा. रूट कॅनल झालं आणि कॅप राहिली, अशा पेशंटची यादी करा आणि फोन लावा. हप्त्यानं पैसे घ्यावे लागले तर घ्या. पुढच्या संमेलनात नव्या यंत्रांच्या स्लाइड दाखवण्याआधी त्या यादीतल्या किती जणांना कॅप बसली, ते प्रत्येकानं इथं येऊन सांगावं.