दोन घरांचें उत्तर

नरडाण्याच्या एका घरांत दैनिकांतील शब्दकोडें एका सूचनेपाशीं अडलें : ‘नदीचें असतें, नाटकांतहि असतें, अक्षरें दोन.’ मुलगा म्हणाला, ‘काठ’. आई म्हणाली, ‘अंक’. नाटकाला काठ नाहीं, नदीला अंक नाहींत. शिवाय ‘असतें’ हें नपुंसकलिंगी, तिकडे कोणाचें लक्षच नव्हतें! अखेर उभ्या ओळींतील ‘चरित्र’ कामीं आलें. मराठी कोड्यांत जोडाक्षराला घर एकच. ‘त्र’ हातीं येतांच ‘पात्र’ उलगडलें. उन्हाळ्यांत पांझरेला दुसरें असतें तरी काय!

सूचना नुसती ‘नदीचें असतें’ एवढीच असती, तर ‘पाणी’हि चाललें असतें. बक्षिसी कोड्यांत असे दुहेरी पर्याय मुद्दाम ठेवीत. मग निकाल बुद्धीवर नव्हे, नशिबावर लागे. १९५५ च्या कायद्यानें अशा स्पर्धांत महिन्याला १००० रुपयांहून अधिक बक्षिसें लावण्यास बंदी केली.